टाळू तेलाने भरत नाही

अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी टाळूवर तेल थापण्याची प्रथा घरोघरी आहे. तेलाने टाळू लवकर भरते, या समजाला मात्र आधार नाही. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधील, जाड पडद्याने झाकलेली मोकळी जागा. मागची टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत, तर पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत हाडे वाढून आपोआप भरते.

मग तेल व्यर्थच काय? तसेही नाही. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि त्यातील प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. सूर्यफुलाच्या तेलात हा गुण दिसला नाही. तेलाने केस दाट होतात, हे मात्र आजीबाईंनी कितीही सांगितले तरी सिद्ध झालेले नाही. डोक्यावरच्या खपल्या तेलाने मऊ होतात. पण नंतर तेल धुऊन टाकावे, साचू देऊ नये. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचेचा दाह होऊ शकतो. नाकात तर कोणतेच तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

सर्वांत घातक चूक वेगळीच. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी बाळ मलूल होते, टाळू खोल जाते आणि घरात तेलाची वाटी शोधली जाते. खोल गेलेली टाळू हे शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे. अशा वेळी अंगावरचे दूध सुरू ठेवावे, जलसंजीवनी द्यावी आणि बाळाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.