सोनाराची मूस आणि माणसाचा कस

हैदराबाद शहरातील आबिड्स या भागाचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत आल्बर्ट आबिड नावाचे गृहस्थ होते. त्यांचे येथे दुकान होते, म्हणून हा भाग आबिड्स झाला. दुकान गेले, नाव मात्र राहिले. सुप्रसिद्ध जेकब हिऱ्याच्या सौद्यात याच आबिडांचा हात होता, आणि त्या सौद्याचा तंटा १८९१ साली कलकत्त्याच्या न्यायालयात गाजला. १८४.७५ कॅरटचा तो हिरा पुढे सातव्या निजामांनी कागदांवर वजन म्हणून ठेवला, असे सांगतात. १९९५ साली भारत सरकारने निजामांचे १७३ दागिने २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, त्यांत हा हिराही आला.

हिऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. परंतु ते दागिने ज्या हातांनी घडविले, त्या हातांची नावे कोण विचारतो?

सोनाराची विद्या एका दिवसात येत नाही. नवशिक्या पोराला प्रथम सोने दिसतसुद्धा नाही. झाडलोट करावी, शेगडी पेटवावी आणि कानशीखाली पडलेला कीस कणाकणाने गोळा करावा, हा त्याचा पहिला धडा. कारण तो केर नव्हे, ती दुसऱ्याची ठेव आहे! मग त्याच्या हाती तांबे येते. तांब्यावर हात बसला की चांदी, आणि चांदीवर विश्वास बसला की सोने. मुशीत सोने वितळवावे, ऐरणीवर ठोकावे, जंत्रीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून तार ओढावी, टाकणखार लावून फुंकणीच्या नेमक्या फुंकेने सांधा झाळावा. फुंक कमी पडली तर सांधा धरत नाही. जास्त झाली तर अनेक दिवसांचे काम क्षणात वितळते. हे माप पुस्तकात सापडत नाही. ते उस्तादाशेजारी वर्षानुवर्षे बसूनच कळते.

या धंद्यात आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी हे तालुके दुष्काळी. शेतीत भागेना, तेव्हा तेथील तरुण गलाईच्या कामासाठी घर सोडून निघाले आणि हैदराबादेसह देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचले. जुने दागिने वितळवून शुद्ध सोने वेगळे काढणे म्हणजे गलाई. सोन्यात आधी चांदी मिसळतात, मग ते तेजाबात टाकतात. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. तेजाबाची वाफ छातीला बाधते. तरी गावाकडच्या चुलीसाठी ते कष्ट या पोरांनी सोसले.

सोनारांवर सर्वांत मोठा घाला आला तो जानेवारी १९६३ मध्ये. सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदाच भाग सोने. तसले सोने गिऱ्हाइकाला नको आणि पिढीजात हातालाही परके. घरोघरच्या शेगड्या विझल्या. १९६६ साली ही कॅरटची अट उठली. १९६८ सालचा सुवर्णनियंत्रण कायदा तर १९९० साली रद्द झाला. परंतु दरम्यान कित्येकांच्या हातून ऐरण सुटली ती सुटलीच.

आम्हा ख्रिस्ती जनांना या कलेचे मोल कळावयास हवे. निर्गमाच्या ग्रंथात सोन्यारुप्याचे काम करणाऱ्या बसालेलाला देवानेच आपल्या आत्म्याने भरले, असे सांगितले आहे. मलाखी प्रवक्त्याने तर परमेश्वरालाच रुपे गाळणाऱ्याची उपमा दिली. आणि सोनारांचे आश्रयदाते संत एलिजियस! सुमारे ५८८ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा मुलगा सोनाराच्या हाताखाली शिकला. राजा क्लोतेर याने एका सिंहासनापुरते सोने दिले असता त्याने त्यातून दोन सिंहासने घडविली, अशी त्याची कथा आहे. एक घडवून उरलेले सोने ठेवून घेता आले असते. कोणाला कळलेही नसते. त्या प्रामाणिकपणाने तो राजाचा विश्वासू झाला, आणि पुढे ६४१ साली नोयोंचा महागुरू. त्याचा सण १ डिसेंबरला येतो.

आज साचे आणि यंत्रे एकसारखे हजारो दागिने ओततात. जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्तीही सुरू झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते हिताचेच आहे. लग्नाचे सोने घेताना आईबापांनी तो ठसा अवश्य पाहावा. परंतु ठसा सोन्याचा कस सांगतो, हाताचा नव्हे. मुलीच्या गळ्यातील सर कोणी हाताने गुंफला असेल, तर घासाघीस करताना त्याच्या मजुरीवर प्रथम सुरी चालवू नये.

आणि एखाद्या घरातला मुलगा ऐरणीपाशी बसू इच्छीत असेल, तर ‘हे हलके काम’ म्हणून त्याला परतवू नका. नाझरेथच्या घरातही हातांनीच काम चाले. मात्र त्याला पहिला धडा घरीच द्या: खाली पडलेला कीस आपला नसतो.