पुस्तकांच्या निमित्ताने

दोन पुस्तकप्रेमी भेटले की आवडत्या पुस्तकाचा विषय निघतोच. पण बोलणे पुस्तकापाशी थांबत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र घ्या. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण नव्हते. लग्नानंतर पतीच्या साहाय्याने त्या लिहिण्या-वाचण्यास शिकल्या. त्यांच्या संसारातील एखादी फजिती कोणी सांगितली, की ऐकणाऱ्याला स्वतःचे सासर, चूल, उसनवारी आठवते. मग पुस्तक मांडीवर तसेच उघडे राहते.

अशा गप्पांना सातारा जिल्ह्यातील भिलार येथे हक्काची जागा लाभली. पाचगणीजवळचे, स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतील जागा पुस्तकांसाठी दिली: एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे चरित्रे, आणखी कोठे कविता. वाचनासाठी मूल्य आकारले जात नाही. ग्रंथालयात शांतता पाळावी लागते. येथे वाचक कोणाच्या तरी घरी बसलेला असतो. तेव्हा पुस्तकाबरोबर पावसाचा, पिकाचा विषय निघणे स्वाभाविकच. ज्याने एकच प्रकरण वाचले आहे, तोही या बोलण्यात भाग घेऊ शकतो. प्रकरण शेतीचे असेल, तर घरधन्याचेच म्हणणे ऐकावेसे वाटते.