कृत्रिम नेत्रभिंगातील प्रकाश-प्रकीर्णनाचे मापन

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी पारदर्शक बहुवारिकाचे भिंग बसवितात. या भिंगात सूक्ष्म असमांगता असल्यास त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा काही अंश मूळ दिशा सोडून इतस्ततः विखुरतो. यास प्रकीर्णन म्हणतात. हॅरल्ड रिड्ली या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४९ मध्ये लंडन येथे बसविलेले पहिले भिंग पॉलिमिथिल मेथाक्रिलेटाचे व कठीण होते. पुढे घडी घालून लहान छेदातून आत सरकविता येणारी मऊ ॲक्रिलिक भिंगे प्रचारात आली.

जलविरोधी ॲक्रिलिकात पाणी अत्यल्प शिरते. तथापि डोळ्यातील द्रवात दीर्घकाळ राहिल्याने त्यातील पोकळ्यांत पाणी साठू शकते. अशा काही बहुवारिकांचा प्रणमनांक सु. १·५५, तर पाण्याचा १·३३ असतो. या फरकामुळे प्रकीर्णन होते. सु. १ ते २० मायक्रोमीटर व्यासाच्या पोकळ्या भिंगाच्या अंतर्भागात चमचमणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पृष्ठभागालगतच्या २०० नॅनोमीटरांहून लहान पोकळ्यांमुळे भिंग पांढुरके दिसते.

प्रकीर्णनाची दिशा पोकळीच्या आकारमानावर अवलंबून असते. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान पोकळ्या प्रकाश पुढे व मागे जवळजवळ सारखाच विखुरतात. मोठ्या पोकळ्या तो मुख्यतः पुढे, म्हणजे जालपटलाकडे, विखुरतात. वैद्याला दिसतो तो मागे परतलेला प्रकाश. रुग्णाला बाधतो तो पुढे गेलेला. म्हणून मापनपद्धतींचे निष्कर्ष भिन्न असू शकतात.

शाइम्फ्लूग तत्त्वावरील कॅमेऱ्याने प्रकाशाच्या अरुंद पट्ट्यात भिंगाच्या छेदाचे छायाचित्र घेऊन त्याची तेजस्विता मोजतात. हे पश्च प्रकीर्णनाचे मापन होय. प्रयोगशाळेत भिंग पाण्याच्या पात्रात ठेवून त्यावर प्रकाशशलाका सोडतात व निरनिराळ्या कोनांवर प्रकाशाची तीव्रता मोजतात. यावरून अग्र प्रकीर्णनही कळते.

रुग्णाच्या डोळ्यातील अग्र प्रकीर्णन अप्रत्यक्षपणे मोजता येते. नेदर्लंड्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत मधल्या वर्तुळाभोवतीचे कडे लुकलुकते. त्याचा विखुरलेला प्रकाश जालपटलाच्या मध्यावर पडल्याने वर्तुळही लुकलुकताना भासते. वर्तुळाच्या एका अर्धात विरुद्ध कलेचा प्रकाश देऊन कोणता अर्ध अधिक लुकलुकतो, हे रुग्णास विचारतात. निष्पन्न मूल्य लॉगरिथमात मांडतात. निरोगी तरुण डोळ्यात ते सु. ०·९ असते व वयाच्या ६५ व्या वर्षी सु. १·२ होते, म्हणजेच प्रकीर्णन दुप्पट होते. हे मूल्य संपूर्ण डोळ्याचे असल्याने त्यातील भिंगाचा वाटा वेगळा काढावा लागतो.

प्रकीर्णन फार वाढल्यास अक्षरतक्ता नीट वाचणारा रुग्णही रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्याने दिपून जातो. उलटपक्षी, पांढुरके दिसणाऱ्या भिंगातून दृष्टी उत्तम असू शकते. बसविलेले भिंग काढताना त्याला धरून ठेवणारी पिशवी फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे केवळ पश्च प्रकीर्णन अधिक आढळले म्हणून भिंग बदलणे युक्त नव्हे. स्वच्छमंडल व भिंगामागील पटल तपासून आणि अग्र प्रकीर्णन मोजूनच निर्णय घेणे इष्ट ठरते.