गेम एक, वर्गीकरणे तीन : व्हिडिओ गेमचे प्रकार न खेळणाऱ्यांनी कसे समजून घ्यावेत?

नवी दिल्ली : मोबाइलवर नातवंडांशी लुडो खेळणारी आजी, 'बीजीएमआय'मध्ये रात्र जागवणारा महाविद्यालयीन तरुण आणि रमीच्या ॲपवर पगारातील रक्कम लावणारा नोकरदार, या तिघांच्याही हातात घरच्यांच्या लेखी एकच गोष्ट असते : 'गेम'. प्रत्यक्षात या तीन खेळांमध्ये पडद्याखेरीज फारसे काही समान नाही. तरीही स्वतः न खेळणाऱ्या व्यक्तीला त्यांतील फरक ओळखणे कठीण जाते, कारण 'हा गेम कोणत्या प्रकारचा?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते.

व्हिडिओ गेमच्या वर्गीकरणाच्या तीन पद्धती सध्या एकाच वेळी वापरात आहेत. पहिली खेळाडूच्या कृतीवरून, दुसरी खेळाडूच्या वयावरून आणि तिसरी पैशाच्या व्यवहारावरून प्रकार ठरवते. एका पद्धतीतील उत्तर दुसऱ्या पद्धतीच्या प्रश्नाला लागू पडत नाही. पालकांचे आणि ग्राहकांचे बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

कथेवरून नव्हे, कृतीवरून

नाटक किंवा चित्रपट पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक वा विनोदी असतो. म्हणजे त्याचा प्रकार आशयावरून ठरतो. व्हिडिओ गेमच्या जगात मात्र प्रकार ठरतो तो खेळणाऱ्याला काय करावे लागते यावरून. नेम धरून गोळ्या झाडायच्या असतील तर तो 'शूटर', उड्या मारत अडथळे पार करायचे असतील तर 'प्लॅटफॉर्मर', कोडी सोडवायची असतील तर 'पझल', फौज आणि साधनसामग्रीचे नियोजन करायचे असेल तर 'स्ट्रॅटेजी'. एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवायची असेल, तर तो 'रोल-प्लेइंग' गेम.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 2020मध्ये आणलेला 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा गेम याचे बोलके उदाहरण आहे. हरवलेल्या भावाचा शोध घेत असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा भारतीय पुराणकथांवर आधारलेली आहे. याच कथेचा चित्रपट झाला असता, तर त्याची गणना 'पौराणिक' म्हणून झाली असती. गेमच्या परिभाषेत त्याची ओळख 'ॲक्शन-ॲडव्हेंचर' अशी आहे, कारण खेळाडूला त्यात लढायचे आणि वाट शोधायची असते.

कित्येक नावे तर वर्णनातून नव्हे, इतिहासातून आली आहेत. 1993मध्ये 'डूम' हा गेम गाजला, तेव्हा त्याच्या धर्तीवर निघालेल्या गेमना काही वर्षे 'डूम क्लोन' म्हटले जाई. पुढे 'फर्स्ट-पर्सन शूटर' हे नाव रूढ झाले. पात्राच्या डोळ्यांना जे दिसते तेच पडद्यावर दिसणे, असा त्यातील पहिल्या भागाचा अर्थ. 'रोगलाइक' हा शब्द 1980च्या 'रोग' या गेमवरून, तर 'मेट्रॉइडव्हेनिया' हा 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन गेमच्या नावांच्या जोडणीतून तयार झाला. 'बॅटल रॉयल' ही संज्ञा एका जपानी कादंबरीच्या आणि तिच्यावरील चित्रपटाच्या नावावरून आली. असंख्य खेळाडूंपैकी शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो, हा 'पबजी'सारख्या गेमचा नियम त्यातून सूचित होतो. ज्याने मूळ गेम खेळलेलेच नाहीत, त्याला या नावांवरून काही उमगत नाही, यात नवल नाही.

प्रकार तोच, वय वेगळे

या नावांची खरी मर्यादा लहान मुलांच्या संदर्भात जाणवते. 'माइनक्राफ्ट' आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' हे दोन्ही गेम 'ओपन वर्ल्ड' म्हणवले जातात. विस्तीर्ण आभासी जगात खेळाडूने मनाप्रमाणे वावरावे, एवढेच या शब्दातून कळते. युरोपातील 'पेगी' या वयनिश्चिती पद्धतीत मात्र पहिल्याला 7 वर्षांवरील आणि दुसऱ्याला 18 वर्षांवरील असे मानांकन आहे. एकात ठोकळे रचून घरे बांधता येतात. दुसऱ्यात गुन्हेगारी, रक्तपात आणि प्रौढांसाठीचे प्रसंग आहेत.

वयाच्या मानांकनाची सुरुवात वादातून झाली. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेममधील रक्तरंजित दृश्यांमुळे अमेरिकी सिनेटमध्ये 1993मध्ये सुनावण्या झाल्या. सरकारी नियंत्रण टाळण्यासाठी उद्योगानेच 1994मध्ये 'ईएसआरबी' ही मानांकन संस्था स्थापन केली. युरोपात 'पेगी' 2003मध्ये अस्तित्वात आली.

भारतात चित्रपटांसाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे. व्हिडिओ गेमसाठी तसे वैधानिक मंडळ नाही. गुगल प्ले स्टोअरवर भारतीय ग्राहकाला 3+, 7+, 12+, 16+ किंवा 18+ असे जे आकडे दिसतात, ते 'आयएआरसी' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे असतात. गेम तयार करणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीच्या उत्तरांवरून हे मानांकन ठरते. ॲपलच्या ॲप स्टोअरची स्वतःची वेगळी श्रेणी आहे. हे आकडे आशयाबद्दल सांगतात, खेळाच्या अवघडपणाबद्दल नव्हे. 3+ लिहिलेले बुद्धिबळाचे ॲप तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईलच असे नाही. त्यात त्याने पाहू नये असे काही नाही, इतकाच त्याचा अर्थ.

कायद्याची नजर पैशावर

भारतीय कायद्याने निवडलेला निकष मात्र आशयाचाही नाही आणि कृतीचाही नाही. संसदेने ऑगस्ट 2025मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याला 22 ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन वर्ग केले : ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम.

परताव्यात पैसा किंवा अन्य लाभ मिळण्याच्या अपेक्षेने शुल्क, ठेव वा पण लावून खेळला जाणारा खेळ म्हणजे मनी गेम. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. पण न लावता मनोरंजनासाठी वा कौशल्यवृद्धीसाठी खेळले जाणारे खेळ सोशल गेममध्ये मोडतात. त्यांना वर्गणी आकारण्यास मुभा आहे. ठरावीक नियमांनुसार होणाऱ्या, मान्यता आणि नोंदणी असलेल्या स्पर्धा ई-स्पोर्ट्समध्ये येतात. त्यांत प्रवेशशुल्क आणि कामगिरीनुसार बक्षीस चालते, पैज चालत नाही.

या कायद्यातील महत्त्वाचा बदल एका जुन्या भेदाशी निगडित आहे. 1867च्या सार्वजनिक जुगार कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने 1967मध्ये रमीला आणि 1996मध्ये घोड्यांच्या शर्यतींना प्रामुख्याने कौशल्याचे खेळ मानले. ऑनलाइन रमी आणि फँटसी क्रिकेटचा व्यवसाय याच आधारावर उभा राहिला. लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नही 2021मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. नव्या व्याख्येत पैसे लावलेला खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, तो मनी गेमच ठरतो. कायदा होताच 'ड्रीम 11'सह अनेक कंपन्यांनी सशुल्क स्पर्धा बंद केल्या. त्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

घरात काय पाहावे?

गेमच्या अतिरेकाबाबतही प्रकाराचे नाव उपयोगी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2022पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला. त्याच्या व्याख्येत कोणत्याही विशिष्ट प्रकाराच्या गेमचा उल्लेख नाही. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे सुरू राहणे, ही लक्षणे साधारणपणे 12 महिने टिकलेली असावीत, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ शूटर खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते आणि निरुपद्रवी वाटणारे कोडे खेळणारी प्रौढ व्यक्ती त्यापासून सुरक्षित असेलच असे नाही.

म्हणून न खेळणाऱ्याने 'बॅटल रॉयल' की 'स्ट्रॅटेजी', या शब्दांत अडकण्याचे कारण नाही. ॲपच्या पानावरील वयाचा आकडा आणि त्याखाली दिलेली कारणे, ॲपमधील खरेदीची सूचना आणि जिंकल्यावर पैसे परत मिळतात का, या तीन गोष्टी दोन मिनिटांत तपासता येतात. खेळ नेमका कसा आहे, हे मात्र खेळणाऱ्यालाच विचारावे लागते.

नवी मुंबईतील कंपनीने 2016मध्ये आणलेल्या 'लुडो किंग'ने पिढ्यान् पिढ्यांचा सोंगट्यांचा पट मोबाइलवर आणला. घरच्यांसोबत विनाशुल्क खेळला, तर तो पट विरंगुळा. त्याच पटावर दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये पैसे लावले, तर तो बंदी असलेला मनी गेम. फासा तोच, सोंगट्याही त्याच. वर्ग बदलतो तो केवळ लावलेल्या पैशामुळे.