बोटीचा जमाखर्च

अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागरात २००४ साली लाल किंग खेकड्याचा हंगाम तीन दिवसांत आटोपला. हवा कशीही असो, अडीचशे बोटी ठरल्या वेळी एकदम सुटल्या, कारण पकडीची मर्यादा सगळ्यांची मिळून एकच होती आणि ती गाठली की हंगाम बंद. झोप नाही, उसंत नाही. ओल्या डेकवर तीन-तीनशे किलोचे लोखंडी पिंजरे ओढायचे. अशा घाईत माणसं समुद्रात पडत, बोटी उलटत. पुढच्याच वर्षी नियम बदलला. प्रत्येकाला मर्यादेतला त्याचा वाटा आधीच नेमून मिळाला, तेव्हा इतरांच्या आधी पोचण्याची गरजच उरली नाही. २००५च्या हंगामात तोच खेकडा पकडायला ८९ बोटी पुरल्या. दिवसांचा हंगाम महिन्यांवर गेला आणि अपघाती मृत्यूही घटले. समुद्रावरच्या या जीवघेण्या धंद्यावरची ‘डेडलिएस्ट कॅच’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली तीही २००५ मध्येच.

धक्क्याला बांधून राहिलेल्या दीडशेहून अधिक बोटींवरच्या माणसांचं काय झालं? एका बोटीवर सहा जण धरले तरी आकडा हजाराच्या घरात जातो. किती टन खेकडा आला, हे सरकारला दर हंगामात ठाऊक असायचं. कोणाची मजुरी गेली, कोणाची वाढली, नफा कोणत्या खिशात गेला, हे पकडीच्या नोंदीतून कधीच कळलं नसतं. सुदैवाने अमेरिकी संसदेने नव्या पद्धतीला मान्यता देतानाच तिच्यासोबत सक्तीची आर्थिक विवरणपत्रं जोडली होती. बोटमालक आणि प्रक्रिया कारखाने या दोघांनी दरवर्षी खर्च-उत्पन्न कळवायचं. तुलनेला जुना काळही हवा म्हणून १९९८, २००१ आणि २००४ या तीन वर्षांचे हिशेब मागाहून भरून घेतले गेले.

या कागदांतून जे दिसलं ते पकडीच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. नव्या पद्धतीत वाट्याचा मालक एक आणि समुद्रात जाणारा दुसरा, अशी फारकत झाली होती. बोटवाला दुसऱ्याचा वाटा भाड्याने घेऊ लागला. लाल किंग खेकड्यासाठी हे भाडं धक्क्यावर मिळालेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त गेलं. ही रक्कम आधी वजा व्हायची, त्यानंतर डिझेल आणि रसद, आणि मग जे उरेल त्यातून खलाशांचे वाटे. कामावर टिकलेल्या खलाशाला जास्त दिवस काम मिळाल्यामुळे त्याची वर्षाची कमाई बऱ्याचदा वाढली. पण विकलेल्या मालाच्या किमतीतला त्याचा हिस्सा घसरला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विवरणपत्रं नसती तर मालकांनी पहिली सांगितली असती, खलाशांनी दुसरी, आणि ऐकणाऱ्याने आपल्या पसंतीची उचलली असती.

मासेमारीवरचं सरकारी नियंत्रण म्हटलं की सहसा जीवशास्त्रच पुढे येतं: साठा किती, वीण कधी, जाळ्याचा आस केवढा. ते मूलभूत आहेच. पण नियम पाळायचा असतो तो माशाने नव्हे, माणसाने. आणि माणूस समुद्रात जायचं की नाही हे डिझेलचा भाव, कर्जाचा हप्ता आणि लिलावातला दर पाहून ठरवतो. असं असूनही अमेरिकेत बरीच वर्षं कायद्यातच आडकाठी होती. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी आखणाऱ्या १९७६च्या मॅग्नुसन कायद्याने धंद्याची गोपनीय आर्थिक माहिती मागण्यावर बंधनं घातली होती. जानेवारी २००७ मध्ये सही झालेल्या दुरुस्तीने ही कोंडी फोडली. व्यवस्थापनाला लागणारी आर्थिक माहिती मागता येईल असं त्यात स्पष्ट झालं, आणि वाटे नेमून देणाऱ्या प्रत्येक योजनेचा पाच वर्षांनी सविस्तर आढावा घेणं बंधनकारक झालं.

या दुरुस्तीचा सर्वांत पूर्ण वापर झाला तो वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर. इथल्या ट्रॉलर बोटी समुद्रतळाचे मासे पकडतात: आपल्याकडच्या लेपीसारखे चपटे सोल, काळा कॉड, हेक आणि नाना जातींचे रॉकफिश. काही रॉकफिश शंभर वर्षांहून अधिक जगतात आणि फार उशिरा वयात येतात, त्यामुळे साठा खालावला की सावरायला पिढ्या जातात. तसंच झालं. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य मंत्र्यांनी ही मासेमारी आपत्तीग्रस्त जाहीर केली. २००३ मध्ये ९१ बोटी त्यांच्या परवान्यांसह विकत घेऊन धंद्यातून कायमच्या काढल्या गेल्या. खर्च सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर. त्यातले एक कोटी सरकारने दिले आणि उरलेलं कर्ज धंद्यात राहिलेल्या मच्छीमारांच्या डोक्यावर ठेवलं, ६.९७ टक्के व्याजाने.

या कर्जाची वसुली सुरू व्हायला सुमारे दीड वर्षाचा उशीर झाला आणि तोवर व्याज चढत राहिलं. पुढे ट्रॉलरवाल्यांच्या प्रत्येक विक्रीतून ५ टक्के कापले जाऊ लागले. जानेवारी २०११ मध्ये वैयक्तिक वाट्यांची योजना आली, तेव्हा योजना चालवण्याच्या खर्चापोटी आणखी ३ टक्क्यांपर्यंत आकारणी करण्याची मुभा मिळाली. शिवाय प्रत्येक फेरीत बोटीवर एक निरीक्षक हवाच होता. त्याच्या पगाराचा मोठा भाग सुरुवातीला सरकारने उचलला, मग टप्प्याटप्प्याने तो बोटवाल्याच्या अंगावर आला. हेकच्या प्रचंड खेपा आणणाऱ्या मोठ्या बोटीला निरीक्षकाचा रोज जाणवत नाही. दोन-तीन दिवसांच्या फेरीत थोडका सोल आणणाऱ्या लहान बोटीच्या मात्र तो नाकीनऊ आणतो. एकेक आकारणी स्वतंत्रपणे पाहिली तर रास्तच वाटते. त्या सगळ्या एकाच बोटीच्या एकाच वर्षात एकत्र मांडल्या की लहान बोटवाला का कुरकुरतो ते समजतं, आणि तशी मांडणी करण्यासाठी त्याच्या वहीतलं पानच लागतं.

ते पान मिळवण्याची व्यवस्था योजनेबरोबरच सुरू झाली. सिएटलच्या वायव्य मत्स्यविज्ञान केंद्रातले अर्थतज्ज्ञ ती चालवतात. बोटीसाठी एक फॉर्म, समुद्रातच माल घेणाऱ्या मदरशिपसाठी दुसरा, पकडून तिथेच प्रक्रिया करणाऱ्या जहाजासाठी तिसरा, आणि धक्क्यावर माल उतरवून घेणाऱ्या पहिल्या खरेदीदारासाठी चौथा. आदल्या वर्षाचा हिशेब १ सप्टेंबरपर्यंत द्यायचा. न दिल्यास परवान्याचं नूतनीकरण अडतं. नवी पद्धत येण्यापूर्वीच्या २००९ आणि २०१० या वर्षांचे हिशेबही घेतले गेले, म्हणजे आधी आणि नंतर असं शेजारी ठेवून बघता यावं.

बोटीचा फॉर्म चिकित्सक आहे. आज बोट विकली तर किती येतील आणि तशीच नवी घ्यायची तर किती लागतील, हे तो वेगवेगळं विचारतो. इंजिनावर आणि जाळ्यावर झालेला खर्च चालू दुरुस्तीचा की अनेक वर्षं पुरणारा, हे वेगळं करायला लावतो. डिझेल, बर्फ, जेवणखाण, विमा, धक्क्याचं भाडं, निरीक्षक, भाड्याने घेतलेला वाटा यांना आपापली ओळ आहे. कॅप्टनला किती दिले आणि खलाशांना किती, हे निरनिराळं लिहायचं. अनेक बोटी वर्षाचे काही महिने अलास्कात किंवा डंजनेस खेकड्याच्या मागे असतात, म्हणून कोणत्या मासेमारीत किती दिवस गेले तेही सांगावं लागतं. नाहीतर सगळ्या वर्षाचा विमा एकट्या सोलच्या माथी बसेल.

यातून दोन शिलकी निघतात. एक, विक्रीतून फक्त फेरीगणिक बदलणारा खर्च वजा करून. उद्या बोट सुटेल की नाही हे ती सांगते. दुसरी, बोटीचा, यंत्रांचा आणि विम्याचा स्थिर खर्चही वजा करून. दहा वर्षांनी ती बोट या बंदरात असेल का, याचा अंदाज तिच्यावरून येतो. पहिली शिल्लक हिरवी आणि दुसरी लाल असणाऱ्या बोटी कोणत्याही किनाऱ्यावर सापडतील. त्या रोज समुद्रात जाताना दिसतात, म्हणून धंदा ठीक चालला आहे असं बघणाऱ्याला वाटतं.

लोक खरं लिहितात का, ही शंका रास्त आहे. इथे एक सोय कामी येते: त्या किनाऱ्यावर माल उतरला की खरेदीदार पावती भरतो, जातीनिहाय वजन आणि दर लिहून. बोटवाल्याच्या आणि खरेदीदाराच्या वहीत एकच व्यवहार दोनदा येतो, पावती हा तिसरा साक्षीदार. मोठा विसंवाद दिसला की फोन जातो. तरी एक जागा नाजूक राहतेच. बोट आणि कारखाना एकाच कंपनीचे असतील तर कागदावरचा दर म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलेला पैसा. त्यावरून बाजारभाव काढता येत नाही.

मच्छीमारांची खरी भीती वेगळी होती. आपला खर्च खरेदीदाराला कळला तर तो भाव पाडेल, शेजारच्या बोटवाल्याला कळला तर तो आपली जागा गाठेल. म्हणून कायद्याने ही माहिती गुप्त ठेवली आहे, आणि तीनपेक्षा कमी धंद्यांची मिळून कोणतीही बेरीज प्रसिद्ध करता येत नाही. अलास्कात तर नावं पुसून मगच कागद अभ्यासकांकडे जावेत यासाठी पॅसिफिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन ही मधली संस्था नेमली होती. ही खबरदारी आवश्यकच होती. पण तिची किंमत लहान बंदरं मोजतात. ज्या गावात माल घेणारे दोनच कारखाने उरले, त्या गावाचा आकडा तक्त्यातून वगळला जातो. ज्या ठिकाणची पडझड धोरणकर्त्यांनी सर्वांत आधी पाहायला हवी, नेमकं तेच छापील पानावर कोरं राहतं. मला वाटतं, अशा गावांची आकडेवारी किमान निर्णय घेणाऱ्या समितीपुढे बंद दाराआड तरी ठेवावी.

पश्चिम किनाऱ्यावरच्या योजनेचा पाच वर्षांचा आढावा २०१७ मध्ये पूर्ण झाला. नको असलेला मासा मारून फेकण्याचं प्रमाण खूप घटलं होतं. कॅनरी रॉकफिश आणि पेट्राल सोल यांचे साठे २०१५ मध्ये सावरल्याचं जाहीर झालं होतं. पण हेक सोडून इतर अनेक जातींचा मंजूर कोटा मोठ्या प्रमाणात न पकडताच राहत होता. कोटा असूनही बोट का जात नाही, याचं उत्तर जीवशास्त्रज्ञ देऊ शकत नव्हते. फेरीच्या खर्चात, बाजाराच्या ओढीत आणि दुर्मीळ जातीचा मासा चुकून जाळ्यात आला तर वाटा संपेल या धास्तीत ते दडलं होतं.

अर्थात प्रत्येक फॉर्म कामाचाच असतो असं नाही. अलास्काच्या आखातातल्या ट्रॉलरवाल्यांकडूनही अशीच माहिती घेतली जाऊ लागली होती, तिथे येऊ घातलेल्या वाट्यांच्या योजनेची पूर्वतयारी म्हणून. ती योजना २०१६ अखेर बासनात गेली, तरी लोक फॉर्म भरतच राहिले. २०२३ मध्ये तो रद्द झाला. माणसाचे तास आणि हिशेबनिसाची फी घेऊन जमवलेल्या आकड्याला काही काम नसेल, तर तो मागणं थांबवणं हाही कारभाराचाच भाग आहे.

आकडे हाताशी असण्याचा उपयोग संकटात सर्वांत ठळक दिसतो. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, अमेरिकी संसदेने मासेमारी क्षेत्राला ३० कोटी डॉलर दिले. पात्रतेची एक मुख्य अट अशी की आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा उत्पन्न ३५ टक्क्यांहून जास्त घटलेलं हवं. पाच वर्षांची सरासरी दाखवायची तर पाच वर्षांच्या नोंदी हव्यात.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, पकड मोजण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था नमुना पद्धतीने देशभरच्या बंदरांवर नोंदी घेते. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडले जातात. निवडलेल्या दिवशी गणक दुपारी बारा ते सहा धक्क्यावर उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री उतरलेल्या मालाची विचारपूस करतो. बोंबील किती, पापलेट किती, कोणत्या बोटीने किती तास जाळं लावलं, हे त्यातून कळतं. १९८०, २००५, २०१० आणि २०१६ मध्ये मच्छीमार कुटुंबांच्या गणना झाल्या. बोटीच्या खर्च-उत्पन्नाचे अभ्यासही संस्था करते, पण ते निवडक बोटींचे आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून. नियमाने दरवर्षी सरकारकडे कागद जातो तो मुख्यतः डिझेलचा, कारण मूल्यवर्धित कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. बर्फ, जाळी, दलालाची उचल आणि खलाशाचा पगार मालकाच्या वहीतच राहतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने सोमवंशी समितीच्या शिफारशींनुसार मोठ्या घेरजाळ्याने होणाऱ्या पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, तेव्हा पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले या दोघांनीही आपापल्या नुकसानीची बाजू हिरिरीने मांडली. अशा वेळी दोघांच्याही बोटींचे चार-पाच वर्षांचे हिशेब समोर असते तर भांडण मिटलं नसतं, पण कशावर भांडायचं ते तरी नेमकं झालं असतं.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. शेतीला हा दर्जा असण्यात उत्पादन खर्चाचा हिशेबही येतो. कापसासारख्या पिकांचा खर्च १९७० च्या दशकापासून निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नोंदवला जातो. बियाणं, खत, मजुरी, घरच्यांचे श्रम, जमिनीचा खंड सगळं धरून. त्या आकड्यांवर शेतकरी संघटना चिडतात, त्रुटी दाखवतात, मोर्चे काढतात, आणि त्यातूनच हमीभावाची मागणी धारदार होते. सातपाटीच्या किंवा हर्णैच्या नाखव्याला अशी चिडायलाही आकडेवारी नाही.

ती उभी करायची तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा फॉर्म जसाच्या तसा उचलून चालणार नाही. डोल जाळं लावणाऱ्या लहान बोटीचं अर्थकारण वेगळं, ट्रॉलरचं वेगळं, तेव्हा फॉर्मही निराळे हवेत. आपल्याकडे पहिला खरेदीदार अनेकदा मालकाला हंगामाआधी उचल देणारा दलालच असतो, त्यामुळे लिलावाच्या दराशेजारी उचलीची नोंद हवी. घरची बाई माशाची निवड करते, सुकवते, बाजारात बसून विकते. तिच्या श्रमांना ओळ हवी. आणि रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळहून आलेला खलाशी असो की गावातलाच, त्याचा हिशेब होण्याआधी काय काय वजा झालं, तो रकाना पहिल्याच पानावर हवा.