पाच सेकंदांचा हिशेब

७१७ अब्ज. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये रेम्ब्रांच्या ‘द नाइट वॉच’ या चित्राचं जे छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यातल्या पिक्सेलची ही संख्या. १६४२ सालचं हे चित्र मुळातच अवाढव्य आहे, पावणेचार मीटरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद. त्याचे १०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ८,४३९ फोटो काढले. एकेका फोटोत चित्राचा जेमतेम साडेपाच बाय चार सेंटिमीटरचा भाग आला. मग संगणकाने ते सगळे एकमेकांना बेमालूम जोडले. आता एका मिलिमीटरच्या रेषेत २०० पिक्सेल बसतात. रंगाच्या पापुद्र्याला गेलेला तडा आपल्याला नदीच्या कोरड्या पात्राएवढा दिसतो.

हे छायाचित्र साधारण ९ लाख २५ हजार पिक्सेल रुंद आणि ७ लाख ७५ हजार पिक्सेल उंच आहे. मासिकाच्या दर्जाने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापलं, तर कागद लागेल साधारण ७८ मीटर बाय ६६ मीटरचा. फाइलचं वजन ५.६ टेराबाइट. रोज २ जीबी डेटाचा पॅक असलेल्या माणसाने ती उतरवून घ्यायला घेतली, तर २,८०० दिवस लागतील. शनीची साडेसाती संपेल, डाउनलोड संपणार नाही.

आणि तरीही हे चित्र साध्या फोनवर, एसटीत बसूनसुद्धा, दोन-चार सेकंदांत उघडतं. मला त्या ७१७ अब्जांपेक्षा या दोन-चार सेकंदांचं नवल जास्त वाटतं.

युक्ती अशी की पूर्ण चित्र कुणालाच कधी पाठवलं जात नाही. सर्व्हरवर चित्राचे, उदाहरणार्थ २५६ बाय २५६ पिक्सेलचे, चौकोनी तुकडे करून ठेवतात. या आकाराने तुकडे पाडले, तर मूळ चित्राचे होतात सुमारे १ कोटी ९ लाख. मग चित्राची रुंदी-उंची निम्मी करून त्याचे तुकडे, त्याच्या निम्म्याचे तुकडे, असा मनोरा रचत जायचं. वर जाताना दर थराला तुकडे एक चतुर्थांश होतात, म्हणून सगळा मनोरा मिळून आकडा १ कोटी ४६ लाखांच्या आसपासच राहतो. आणि थर किती? नऊ लाखांवर असलेली रुंदी फक्त १२ वेळा निम्मी केली, की अख्खं चित्र एका तुकड्यात मावतं. फोनच्या पडद्यावर एका वेळी पन्नास-साठच तुकडे दिसतात, तेवढेच मागवायचे. बोटांनी चित्र मोठं केलं की खालच्या थरातले दुसरे पन्नास-साठ. बाकीचे दीड कोटी जागेवरच पडून राहतात.

हे तुकडे मागायची भाषा प्रत्येक संग्रहालयाची वेगळी असती, तर सगळा घोळच झाला असता. २०११ पासून काही मोठी ग्रंथालयं आणि विद्यापीठं एकत्र आली आणि त्यातून आयआयआयएफ हा संकेत उभा राहिला. चित्राचा कुठला भाग हवा, केवढा हवा, किती अंशांनी फिरवून हवा, हे सगळं वेबपत्त्यातच ठरावीक क्रमाने लिहायचं, एवढंच त्याचं मर्म. त्यामुळे दोन शहरांतल्या दोन संस्थांची पानं एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावता येतात. अशी जोडणी किती मोलाची असते, याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सतराव्या शतकातलं मेवाडचं सचित्र रामायण. त्याचे बरेच खंड लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, काही भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, तर काही इतरत्र. विखुरलेलं हे रामायण २०१४ मध्ये पडद्यावर पुन्हा एकत्र आलं.

गर्दीचंही गणित मोठंच असतं. २० नोव्हेंबर २००८ रोजी ‘युरोपियाना’ हे युरोपभरच्या संग्रहांचं संकेतस्थळ २० लाख वस्तूंसह उघडलं. पहिल्याच दिवशी तासाला १ कोटीच्या वर हिट्स आल्या, म्हणजे सेकंदाला पावणेतीन हजारांहून जास्त. संकेतस्थळ आडवं झालं आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागलं. आज तिथे ५ कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि ते चालतं.

थोडक्यात, फोटो दाखवण्याची आणि गर्दी पेलण्याची कोडी बऱ्यापैकी सुटली आहेत. खरी रखडपट्टी आहे ती नोंदींची.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे साधारण साडेपंधरा कोटी वस्तू आणि नमुने आहेत. एकेका वस्तूकडे एकच सेकंद बघायचं ठरवलं, तर न झोपता जवळजवळ पाच वर्षं जातील. तिथे २०१५ पासून वाळवलेल्या वनस्पतींचे कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवून, वरून फोटो घेत, काही वर्षांत ३८ लाख नमुने चित्रबद्ध केले. पट्टा भराभर सरकतो. पण प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: वनस्पतीचं नाव, कुठे मिळाली, कुणी खुडली, कधी. शंभर वर्षांपूर्वीचं ते गिचमिड अक्षर लावायला पट्ट्याचा काही उपयोग नाही. त्याला माणूस लागतो. स्वतःकडच्या जुन्या कागदपत्रांची अक्षरं लावायला स्मिथसोनियनने २०१३ पासून हौशी लोकांनाही सोबत घेतलं आहे.

नोंद नसली की काय होतं, ते ब्रिटिश म्युझियमने दाखवलं. तिथे ८० लाख वस्तू, त्यातल्या प्रदर्शनात सुमारे ८० हजार, शेकडा एक. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी फुटली की कोठारातल्या वस्तू चोरीला गेल्या आहेत किंवा खराब केल्या आहेत. आकडा निघाला सुमारे २,०००. सोन्याचे दागिने, कोरीव खडे, काचेचे तुकडे. मुठीत मावणारा ऐवज. त्यातल्या कित्येकांची धड नोंदच नव्हती. ज्याची नोंद नाही ते हरवलं, हे सिद्ध तरी कसं करणार? ऑक्टोबरमध्ये संग्रहालयाने जाहीर केलं की पाच वर्षांत २४ लाख नोंदी नव्याने चढवू किंवा सुधारू, खर्च अंदाजे १ कोटी पौंड. वर्षाला २५० कामाचे दिवस धरले, तर दिवसाला १,९२० नोंदी, मिनिटाला चार.

आता आपल्याकडे. २०२३ मध्ये संसदीय समितीच्या अहवालात आकडा आला: देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू, नोंद झालेल्या १६.८ लाख. उरल्या ४१ लाखांवर.

ही नोंद म्हणजे काय, ते जवळून बघू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, मांडलेल्या साधारण अडीच हजार. तिथले अडकित्ते प्रसिद्ध आहेत. समजा, असाच एखादा अडकित्ता टेबलावर आहे. क्रमांक, धातू, लांबी, वजन, काळ, कुठून आला, कुणी दिला, पात्याची धार शाबूत आहे का, मूठ मोराची की घोड्याची, कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात राहणार. मग दोन-तीन बाजूंनी फोटो आणि फोटोला तोच क्रमांक. एकाने ‘अडकित्ता’ टंकलं, दुसऱ्याने ‘आडकित्ता’, तिसऱ्याने ‘सुपारी कातरण्याचं साधन’, तर शोधणाऱ्याला एक तृतीयांशच वस्तू सापडतात. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर मोकळी चौकट देत नाही. ठरवलेल्या शब्दांची यादी पुढे करतं आणि जुने-नवे सगळे पर्याय आतून जोडून घेतं.

एका नोंदीला १५ मिनिटं धरू. ४१ लाख २० हजार नोंदींना लागतील १० लाख ३० हजार तास. एक माणूस वर्षाला २,००० तास काम करतो असं मानलं, तर ५१५ माणसांचं वर्षभराचं काम. इथे सॉफ्टवेअरने नोंदीमागे एक मिनिट वाचवलं, तर ३४ माणसांचं वर्षभराचं काम वाचतं. आणि उलट एक फालतू क्लिक ठेवली, ‘सेव्ह’ केल्यावर पान पुन्हा वरपासून उघडायला पाच सेकंद घेतले, तर तेवढ्यावर एका माणसाची जवळजवळ तीन वर्षं जातात. नुसती वाट बघण्यात.

घरचं सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे. ‘जतन’ पुण्याच्या सी-डॅकमध्येच तयार झालं. केंद्राच्या दहा संग्रहालयांचे संग्रह, त्यात मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला दालन आणि जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालयही आलं, त्याच्या आधारे एका पोर्टलवर बघता येतात. पाया आहे, माणसंही आहेत. पण अशा प्रणाल्यांची चर्चा निघते तेव्हा बोललं जातं ते थ्रीडी सफरींबद्दल आणि फिरत्या मूर्तींबद्दल, कारण उद्घाटनाच्या दिवशी तेच दिसतं. कोठारात बसून दिवसाला तीस नोंदी भरणाऱ्या माणसाचा पडदा पाहुण्यांना कुणी दाखवत नाही.

तेव्हा संग्रहालयांसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना एकच मागणं. निविदेत बाकी काहीही लिहा, पण एक अट पहिल्या पानावर टाका: एका वस्तूची नोंद पुरी व्हायला किती मिनिटं लागतात ते सांगा, आणि ते आमच्या कोठारात, आमच्या माणसाला, आमच्या नेटवर करून दाखवा.