जुनी सिने-झूम लेन्स घेताय? आधी फोकस टिकतो का ते पाहा

मिररलेस कॅमेरे आले आणि जुन्या सिने-कॅमेऱ्यांच्या झूम लेन्सना दुसरा जन्म मिळाला. या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ आणता येते आणि मधे अडॅप्टर घालून जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स बसवता येते. तुम्ही युरोप-अमेरिकेत राहत असाल तर लिलावांत, जुन्या बाजारांत आणि ऑनलाइन अशा लेन्स सहज दिसतील. विकणारा बहुधा एवढंच सांगतो, की काच स्वच्छ आहे. ते महत्त्वाचं आहेच. पण खरा प्रश्न वेगळा आहे: झूम करताना फोकस टिकतो का?

एक प्रसिद्ध लेन्स उदाहरणाला घेऊ. पिएर आंजेन्यू यांनी १९३५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या कंपनीची १२-१२० मिमी झूम लेन्स. १६ मिमी फिल्मसाठीची ही लेन्स १९६०च्या दशकात बातम्या आणि माहितीपट चित्रित करणाऱ्यांची लाडकी झाली. तोवर कॅमेऱ्याच्या तोंडाशी फिरत्या चकतीवर तीन-तीन लेन्स लावाव्या लागत. आता एकाच लेन्समध्ये दहापट झूम आला आणि कॅमेरा चालू असताना तो वापरता आला.

हे कसं जमतं? पुढचा भिंगसमूह फोकस करतो. मधला एक समूह पुढेमागे सरकून नाभीय अंतर, म्हणजेच झूम, बदलतो. पण तो सरकला की प्रतिमाही जागेवरून हलते. ती परत जागेवर आणण्यासाठी आणखी एक समूह वक्र खाचेतून नेमका तेवढाच सरकतो. म्हणून १२० मिमीवर फोकस करून तुम्ही १२ मिमीपर्यंत आलात तरी चित्र स्पष्टच राहतं. स्थिरचित्रणाच्या अनेक झूम लेन्समध्ये हे बंधन पाळलेलं नसतं, कारण तिथे प्रत्येक फोटोआधी नव्याने फोकस करता येतो.

मात्र हा मेळ जुळतो तो प्रतिमा ठरलेल्या अंतरावर पडली तरच. सी-माउंटसाठी लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर १७.५२६ मिमी आहे. समजा, तुमच्या अडॅप्टरमुळे त्यात ०.१ मिमीची चूक झाली. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, म्हणजे ही चूक जेमतेम दीड केसाएवढी. १२० मिमीवर ती लक्षातही येणार नाही. फोकसची रिंग किंचित फिरवलीत की चित्र स्पष्ट. पण फोकसच्या रिंगमुळे प्रतिमा किती सरकते हे नाभीय अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. १२० मिमीवर जी हालचाल प्रतिमेला ०.१ मिमी सरकवते, तीच १२ मिमीवर शंभरावा भाग, म्हणजे फक्त ०.००१ मिमी सरकवते. बैठकीतली चूक मात्र तेवढीच राहते. परिणामी झूम बाहेर आणताच चित्र धूसर होतं.

किती धूसर? छिद्र एफ/२.२ असेल तर एका बिंदूचा साधारण ०.०४५ मिमीचा ठिपका होतो. १६ मिमी फिल्मसाठी साधारण ०.०१५ मिमीपर्यंतचा ठिपका स्पष्ट मानतात. म्हणजे तिप्पट मोठा. छिद्र एफ/८ केलंत तर ठिपका ०.०१२५ मिमीवर येतो आणि दोष झाकला जातो. म्हणूनच उन्हात, छिद्र लहान करून घेतलेल्या नमुना-चित्रांवर विश्वास ठेवू नका.

तपासणी सोपी आहे. कॅमेरा तिवईवर ठेवा आणि छिद्र पूर्ण उघडा. बारीक छपाईचा कागद तीन-चार मीटरवर लावा. झूम पूर्ण आत नेऊन फोकस करा, मग रिंगला हात न लावता सावकाश बाहेर या. रुंद टोकाकडे जाता जाता चित्र बिघडत गेलं तर बहुधा बैठकीचं अंतर चुकलंय. पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंवा काढून ते सुधारता येतं. अशी लेन्स ‘खराब’ म्हणून स्वस्तात विकली जात असेल तर ती खरेदी फायद्याची ठरू शकते. पण दोन्ही टोकांना चित्र स्पष्ट आणि मधेच धूसर असेल तर आतली खाच झिजलेली किंवा जुळणी बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. ते काम कारागिराचं, आणि खर्चिक.

आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे प्रतिमेचं वर्तुळ. १६ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे १२.७ मिमी असतो, तर फुल-फ्रेम सेन्सरचा ४३ मिमी. त्यावर ही लेन्स लावलीत तर काळोखात एक गोल खिडकी दिसेल. सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायची सोय तुमच्या कॅमेऱ्यात आहे का, ते आधी बघा.

दुसरी म्हणजे प्रकाश. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे वीस पृष्ठभाग असतील तर पलीकडे फक्त ४४ टक्के पोचेल. झूम लेन्समध्ये भिंगं खूप, म्हणून लेपाशिवाय भागत नाही, आणि लेप असूनही काही प्रकाश जातोच. त्यामुळे सिने-लेन्सवर ‘टी’ आकडा असतो. आंजेन्यूच्या या लेन्सचा एफ २.२ असला तरी टी २.५ आहे, म्हणजे सुमारे ७७ टक्के प्रकाश पार होतो. एक्स्पोजर ठरवताना टी वापरा, फोकसची खोली मोजताना एफ.

काचेवर तिरका टॉर्च मारून बुरशीचे धागेही शोधा. बुरशी काच कोरते, आणि पुसली तरी व्रण राहू शकतो. लेन्स मुंबई-कोकणात पावसाळ्यात नेणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

लांबून खरेदी करत असाल तर विकणाऱ्याकडे काचेच्या फोटोंऐवजी एक छोटा व्हिडिओ मागा: छिद्र पूर्ण उघडं, फोकस १२० वर, मग सावकाश १२ पर्यंत. फोकस चुकलेलं चित्रीकरण नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरतं दुरुस्त होत नाही. लेकीचा पहिला वाढदिवस किंवा भेटीला आलेले आजी-आजोबा त्या लेन्समधून टिपायचे असतील, तर ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आधीच करून घ्या.